रायबंदर, दोन फेरीबोटी

बारावीच्या मुलींना मी आकृती काढायला लावते:
आधी तेवीस जोड्या, मग फाटा, मग पुन्हा फाटा,
शेवटी चार पेशी, ऐवज निम्मा.
त्या लाल-निळ्या पेनांनी रंगवतात, पाचापैकी पाच मिळवतात.
मला मात्र फळ्यावर दर वर्षी आपला धक्का दिसतो,
संध्याकाळचे साडेपाच, मांडवीला भरती,
एक बोट चोडणची, एक दिवाडीची,
आणि मध्ये ओल्या सिमेंटवर खोळंबलेली माणसं.

समजा, सेहेचाळीस जण आहेत, जोडीजोडीने.
जोडीतला एक आजोबांकडून आलेला, एक आजीकडून.
उंची सारखी, पिशव्या सारख्या,
आतलं सामान थोडं थोडं वेगळं.
बोट लागण्याआधी ते एकमेकांना बिलगतात,
दंडात दंड अडकतो, आणि सुटेपर्यंत
याची बाही त्याच्याकडे गेलेली असते,
त्याचा चष्मा याच्या नाकावर.
“म्हणजे चोरी, टीचर?” जुझेफिना विचारते.
चोरी नाही गो. देवघेव, मापाला माप.
इतकी चोख तर सुंगटांच्या पाटीवरही होत नाही.

मग रॅम्प खाली पडतो.
जोडीतला एक या बोटीत, एक त्या.
कोण कुठे, हे कोणी ठरवत नाही,
शेजारची जोडी कुठे वळली ते बघून तर मुळीच नाही.
एकदा मी वीजबिलाच्या पाठीवर गुणाकार केला,
किती तऱ्हांनी भरतील या दोन बोटी:
त्र्याऐंशी लाख अठ्ठ्याऐंशी हजार सहाशे आठ.
चौऱ्यांशी लक्ष योनींना साडेअकरा हजारही कमी नाहीत,
आणि यात बाह्या-चष्मे धरलेलेच नाहीत.
पुढे प्रत्येक बोटीत आणखी एक वाटणी होते,
ती मी तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत उरकते.

पुस्तकही एक गोष्ट एका ओळीत उरकतं.
मुलीच्या देहात हे बिलगणं
तिच्या जन्माआधीच होऊन जातं.
पाकले गेले त्या डिसेंबरात
आई होती तिच्या आईच्या पोटात, पाचवा महिना,
वीतभर जीव,
आणि त्याच्याही आत माझी अर्धी माणसं
धक्क्यावर येऊन, दंडात दंड घालून उभी.
मग सगळं थांबलं. बोट येईना.
आई जन्मली, बांधावरून चिखल तुडवत शाळेत गेली,
पाचवीत नापास झाली, शिवणयंत्र शिकली,
लग्न होऊन दिवाडीला आली,
ती तशीच उभी.
माझी बोट सव्वीस वर्षांनी लागली.

शाणूची एक्केचाळीस.
एवढ्या वर्षांत धरलेले हात सैल पडतात,
दोर कुजतो,
आपण कुठल्या किनाऱ्याचे हेच आठवेनासं होतं.
एकविसावी जोडी, सगळ्यांत बुटकी,
दोघंही एकाच बोटीत चढली.
झालं एवढंच.
डॉक्टर बराच वेळ बोलत होते. आई म्हणाली,
“नाव शाणूच ठेवूया.”

परीक्षकाला ‘दोष’ हा शब्द लागतो.
मी फळ्यावर दोष लिहिते, खाली रेघ ओढते,
मुली उतरवून घेतात.
जुझेफिना उतरवत नाही. ती आमच्याच वाड्यावरची.

साडेपाचला धक्क्यावर पोचते तेव्हा
बोटांना अजून खडू असतो.
शाणू आधीच आलेला, पलीकडून, बोटीतूनच.
खलाशी कायतान त्याला दोर फेकू देतो,
तो फेकतो, चुकतो, परत फेकतो,
खुंटाला बसला की सगळ्या प्रवाशांकडे बघतो.
शेजारी चोडणची बोट भरते आहे,
तिचाही रॅम्प खाली, तिच्याही भोंग्याचा तोच सूर,
आणि मी दिवसभराच्या पेशी डोक्यात घेऊन
क्षणभर तशीच उभी राहते.
तो येऊन माझी बाही धरतो.
“ती न्हय,” म्हणतो, “आमची ही.”